मदत हवी आहे: पुरानंतरच्या चिखलात पायांना काय घालावे?

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ आमचे गाव असून २०१९ आणि २०२१ च्या महापुरांप्रमाणे यंदाही नदीकाठच्या उसात पाणी शिरले. ते ओसरल्यावर कुजलेला पाला काढायला बायका रोजंदारीने जातात. गुडघाभर चिखल, बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडून सोललेली कातडी आणि तशाच पायांनी संध्याकाळी म्हशींची धार. उंदीर व जनावरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू अशाच भेगांतून शरीरात शिरतात, याची मला फार धास्ती वाटते. घरी बसा म्हणणे सोपे आहे, पण पुराने आधीच पंधरा दिवसांची मजुरी बुडवली आहे.

गमबूट देऊन पाहिले. पाय निघतो आणि बूट चिखलातच राहतो. काम संपताच साबणाने पाय धुणे सुरू केले आहे. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, त्यामुळे प्रश्न औषधाचा नाही. गरोदर असलेल्या एकीला त्या चालत नसल्याने बांधावरचे कोरडे काम दिले आहे.

कोकणात भाताच्या खाचरांत राबणाऱ्यांना विशेषतः विचारायचे आहे: खोल चिखलात न निसटणारे, रोज धुऊन वापरता येणारे आणि मजुरांना परवडणारे कोणते पादत्राण तुम्ही स्वतः वापरले आहे?