इतिहास पीएचडी प्रवेश: नेट झाली, आता मुलाखत. मोडी कागद समोर ठेवला तर?

प्रश्न:
नमस्कार. इतिहासात यूजीसी नेट फक्त पीएचडी प्रवेशापुरती पात्र झाली आहे, महिन्याभरात मुलाखत आहे. विषय दिलाय 'पेशवेकालीन पुण्यातील पेठा'. मोडी वाचता येतं, पण अडखळत. विषय कसा मांडावा आणि समितीने कागद वाचायला दिला तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर 1:
आधी हिशेब बघा. तुमच्या गटात नेटला 70 टक्के भार आणि मुलाखतीला 30. नेटमध्ये 300 पैकी 15 गुण जास्त मिळाले तरी अंतिम यादीत फरक पडतो साडेतीन गुणांचा. तो मुलाखतीच्या 30 गुणांत भरून निघू शकतो, तेव्हा उरलेला महिना वस्तुनिष्ठ प्रश्नांवर घालवू नका.

आता विषय. 'पेशवेकालीन पुण्यातील पेठा' हे नुसतं शीर्षक झालं, यात प्रश्न कुठे आहे? समिती पहिल्या दोन मिनिटांत तेच विचारते. असं काहीतरी हवं: नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात (सरकारच्या लेखी सवलतपत्रात) करमाफी किती वर्षांची होती, आणि मुदत संपल्यावर लोक टिकले का? कालखंडही आवळा, 1760 ते 1800 पुरे.

पुढचा प्रश्न साधनांचा येतो. 'पेशवे दफ्तर' (पेशव्यांच्या सरकारी कागदांचा संग्रह) एवढंच उत्तर दिलंत तर अडकाल. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 दरम्यान संपादित केलेले 45 खंड म्हणजे दफ्तरातली निवड, आणि ती राजकारणाच्या अंगाने जास्त झाली. पेठांचे हिशेब हवे असतील तर पुणे पुराभिलेखागारातले मूळ रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पाहावे लागतील. कोणत्या प्रकारचे कागद पाहणार, तेही सांगता आलं पाहिजे. जुनी नावंही माहीत हवीत: बुधवार पेठ आधी मुहियाबाद होती, नाना पेठेचं मूळ नाव हनुमंत पेठ. आजच्या नावाने शोधलं की नोंदी हातून निसटतात.

उत्तर 2:
कागद दिला तर लगेच मजकुराकडे धावू नका. आधी तारीख, मग कोणी कोणाला लिहिला, मग हा कोणत्या प्रकारचा कागद (कौल, सनद, ताकीद, हिशेब), आणि मजकूर सगळ्यात शेवटी. एखादं अक्षर लागलं नाही तर 'हे लागत नाही' म्हणा. अंदाज ठोकलात की पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

तारखेसाठी: 'इहिदे सबैन मया व अलफ' हे एक, सत्तर, शंभर, हजार या क्रमाने वाचायचं, म्हणजे सुहूर सन (अरबी संख्याशब्दांत लिहिली जाणारी जुनी कालगणना) 1171. त्यात 599 मिळवले की 1770. शकात 78 मिळवा.

पुरावा तोलण्याचा सराव एका जोडीवर करा. सभासद बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दशकाहून अधिक काळाने, राजाराम महाराजांसाठी जिंजीला लिहिली गेली. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या कालानुक्रमी टिपणात) मित्यांसह त्रोटक नोंदी आहेत. दोन्हींत एकच प्रसंग काढा आणि तीन वाक्यांत सांगा: कोण काय सांगतं, का सांगतं, कशावर विसंबायचं. 'बखर अविश्वसनीय' एवढं म्हणून थांबणारे बरेच असतात. दरबाराला आपल्या राजाची कोणती प्रतिमा हवी होती, हे मात्र बखरीइतकं दुसरीकडे सापडत नाही.

उत्तर 3:
वरच्या उत्तरात एक दुरुस्ती हवी, कारण मुलाखतीत लोक नेमके इथेच चुकतात. शकात सरसकट 78 मिळवायचे नाहीत. इसवी सनाचं नवं वर्ष पौषाच्या आसपास लागतं. 1 जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. शके 1551 फाल्गुन वद्य 3 म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. इथे 78 धरलेत तर अख्खं वर्ष मागे जाल. पानिपतही तसंच: शके 1682 पौष शुद्ध 8, म्हणजे 14 जानेवारी 1761.

सुहूर सनाचंही तेच. तो मृगाच्या सुमारास बदलतो, म्हणून जून ते डिसेंबर 599 आणि जानेवारीपासून पुढे 600. पानिपताचा सन 1161, त्यात 600. आधी महिना वाचा, मगच बेरीज करा. कागदावर 'छ' दिसला तर पुढे मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी आहे, तेव्हा तो महिना त्या वर्षी इंग्रजी कोणत्या महिन्यात पडला हे जंत्रीतून (तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकातून) पाहावं लागतं. जंत्री जवळ नसेल तर नुसतं '1770-71' सांगा; ते बरोबर उत्तर आहे.

प्रश्नकर्ती:
खूप आभार. कौलाच्या मुदतीवरच प्रश्न बांधते. रोज एक छापील मोडी उतारा तारखेपासून वाचायला घेते.