'डिप्रेशन'ला मराठीत नेमकं काय : नैराश्य, खिन्नता, औदासीन्य की अवसाद?

अनुस्वार
डिप्रेशन तपासणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत लिहायची आहे. दुसऱ्या प्रश्नात इंग्रजीत तीन शब्द ओळीने येतात : डाउन, डिप्रेस्ड, होपलेस. वर्तमानपत्रं डिप्रेशनला सर्रास 'नैराश्य' म्हणतात. ते घेतलं तर होपलेसला वेगळा शब्द उरत नाही, कारण 'निराश' तिथेच लागतो. आजाराचं नाव आणि त्या आजाराचं एक लक्षण एकाच शब्दात अडकलंय. काय करावं?

कोशकीटक
अडचण खरी आहे. आशा गेली तो निराश, त्याचा भाव नैराश्य. म्हणजे हा शब्द मुळात एका लक्षणापुरता आहे. शिवाय मराठीत निराश व्हायला कारण लागतं. निकालाने निराश, भावाच्या वागण्याने निराश. त्यामुळे 'त्याला नैराश्य आलंय' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, 'कशामुळे?' या आजारात कधी ठळक कारण असतं, कधी नसतं. घरचे कारण शोधण्यात चार-सहा महिने घालवतात, आणि कारण सापडलं नाही की 'मग याला झालंय तरी काय?' म्हणून उपचारच थांबवतात. शब्दाने एवढं नुकसान होतं.

'औदासीन्य' तर मी बादच करेन. उद् + आसीन, म्हणजे बाजूला बसलेला, तटस्थ. गीतेच्या नवव्या अध्यायात 'उदासीनवदासीनम्' येतं ते याच अर्थाने, आणि आपण आजही 'मतदारांची उदासीनता' म्हणतो. हा रुग्ण तटस्थ नसतो. आपण सगळ्यांवर ओझं आहोत या अपराधी भावनेने तो आतून पोखरला जात असतो.

'अवसाद' अर्थाने सर्वांत जवळचा. अव + सद्, खाली बसणे, खचणे. 'नात्मानमवसादयेत्' हे गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. 'विषाद'ही त्याच सद् धातूचा, आणि चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांच्या यादीत विषाद मोजलाय. पण अवसाद आज हिंदीतून येतो, आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या आजींना तो कळणार नाही. त्यापेक्षा आपलं 'खचणं' पाहा. विहीर खचते, भिंत खचते, माणूस खचतो.

केसपेपर
यातला एकही शब्द घेऊन रुग्ण येत नाही. तो म्हणतो : करमत नाही, मन लागत नाही, नको नको वाटतं, काही सुधरेना, अंगात त्राण नाही, अन्नावरची वासना उडाली. बरेचदा तर मनाचं काहीच सांगत नाही. डोकं जड, पाठ दुखते, पित्त, झोप नाही, एवढंच. मग आधी रक्त, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी असा प्रवास होतो. 'टेन्शन' हा शब्द मात्र सगळे वापरतात, आणि त्यात काळजी, भीती, राग, आजार सगळं कोंबलेलं असतं. रुग्ण 'टेन्शन' म्हणाला की 'म्हणजे नेमकं काय होतं?' हे विचारलंच पाहिजे.

भावेप्रयोग
इथे मराठी व्याकरण फार कामाचं आहे. 'तो उठत नाही' आणि 'त्याच्याने उठवत नाही' यांत केवढा फरक! पहिल्यात आळसाचा आरोप बसतो, दुसऱ्यात असमर्थता कळते. उठवत नाही, जेववत नाही, बोलवत नाही, बघवत नाही. शक्य क्रियापदांची ही रूपं म्हणजे या आजाराचं अचूक वर्णन आहे. घरचे 'उठत नाही' म्हणतात, रुग्ण 'उठवत नाही' म्हणतो, आणि दोघं एकाच सकाळबद्दल बोलत असतात.

लिहिताना एक सांभाळा. 'रुग्णाला उठवत नाही' याचा अर्थ 'त्याला कोणी जागं करत नाही' असाही लागतो, कारण प्रयोजक (दुसऱ्याला उठवण्याचं) रूप तेच आहे. फॉर्मवर 'मला अंथरुणातून उठवत नाही' असं प्रथमपुरुषीच लिहा.

केसपेपर
हे फारच उपयोगी. आता मोजमापाचे शब्द. निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, सलग किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज. आणि त्या पाचांत खिन्नता किंवा रस जाणे यांपैकी एक तरी हवंच. बाकीची सात : भूक किंवा वजन, झोप, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थता, थकवा, अपराधीपणा, एकाग्रता, मृत्यूचे विचार. भूक-झोप कमीच होते असं नाही, वाढतेही. 'जास्त झोपतो म्हणजे मजेत आहे' हा समज चुकीचा.

चाचणीत प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. पर्याय असे लिहा : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. 'कधीकधी' आणि 'वारंवार' नकोत. ते प्रत्येकाच्या मनात वेगळे असतात. 'चौदातले किती दिवस?' याचं उत्तर मोजता येतं. १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांनी सविस्तर तपासायचं. गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, दारू, चालू असलेली इतर औषधं हे पाहावं लागतं. आणि एक प्रश्न कधीच चुकवू नये : पूर्वी कधी चार-आठ दिवस झोप न घेताही प्रचंड उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च असं झालं होतं का? उत्तर 'हो' असेल तर आजार द्विध्रुवीय (बायपोलर) असू शकतो. तिथे नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो.

अनुस्वार
'कुणाकडे जावं' या ओळीत काय लिहू? मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी येतात.

केसपेपर
तिथे गल्लत महागात पडते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर; औषध तोच लिहितो. मानसोपचारतज्ज्ञ हा शब्दही बहुतेक त्यालाच वापरतात, पण 'उपचार' शब्दामुळे लोक बोलून उपचार करणाऱ्यालाही तेच म्हणतात. म्हणून फॉर्मवर 'मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर' बरं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाची पात्रता फार वेगवेगळी असते, ती विचारून घ्यावी.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाटीवर 'मनोविकृतिशास्त्र विभाग' दिसतो. 'विकृती' वाचून माणूस दारातून परततो, हे मला फार लागतं. पाटी बदलायला हवी. तोवर 'हाच तो विभाग, घाबरू नका' असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही मनोरुग्णालयासारखीच सरकारी संस्था. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, म्हणजे 'गेलो की भरती करतील' असं नाही. फोनवर बोलायचं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही.

कोशकीटक
'झोपेच्या गोळ्या' हा शब्दही तपासा. मनाच्या आजाराचं कुठलंही औषध म्हणजे झोपेची गोळी, असंच लोक धरतात.

केसपेपर
होय, आणि त्यातून चुकीचीच गोळी चालू राहते. चिठ्ठीवर बहुधा दोन औषधं असतात. एक नैराश्याचं, उदाहरणार्थ सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम. दुसरं क्लोनाझेपॅमसारखं, सुरुवातीच्या काही दिवसांपुरतं. दुसऱ्याने त्याच रात्री झोप येते. पहिल्याचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, अस्वस्थता मात्र लगेच जाणवू शकते. मग माणूस पहिलं बंद करतो आणि सवय लावणारं दुसरं चालू ठेवतो. नेमकं उलट व्हायला हवं. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

'कोर्स' शब्दही टाळा, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकचा वास येतो त्याला. 'बरं वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने' असं सरळ लिहा. थांबवताना डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं होतं. त्याला 'व्यसन लागलं' म्हणू नये. या औषधाची तलफ येत नाही.

भावेप्रयोग
नववा प्रश्न कसा लिहिताय? 'आत्महत्येचे विचार' म्हटलं तर बरेच जण 'नाही' लिहितील.

केसपेपर
पायऱ्यांनी विचारा. 'जीव नकोसा वाटतो का?', मग 'आपण नसतो तर बरं, असं वाटतं का?', मग स्पष्ट 'जीव देण्याचा विचार येतो का?' विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट सांगायला वाट मिळते. या प्रश्नाला ० सोडून काहीही आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच भेटीत बोलायचं. कसं, कधी हे ठरलेलं असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि फवारणीची औषधं कुलपात किंवा शेजाऱ्याकडे, आणि त्याच दिवशी रुग्णालय. 'पोलीस केस होईल' या भीतीने लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नाही.

अनुस्वार
मग मसुदा असा :
१. कशातच रस वाटत नाही, आवडीचं कामही नकोसं होतं.
२. मन खिन्न असतं, खचल्यासारखं वाटतं किंवा पुढे काही चांगलं होईल अशी आशा वाटत नाही.
शीर्षकात 'नैराश्याचा आजार (डिप्रेशन)'. 'आजार' जोडल्याने 'कशामुळे?' थोडं मागे पडेल.

कोशकीटक
दुसऱ्यात 'किंवा' ठळक छापा. तिन्ही वाटलं तरच खूण करायची, असं समजून बरेच जण रकाना कोरा सोडतील.