मदत हवी आहे: रुग्णाच्या अगदी जवळ उभं राहून काम असतं, डिओ-परफ्यूम कोणता आणि किती लावावा?

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे खांद्याचे आणि मानेचे रुग्ण जास्त येतात. आखडलेला खांदा वर न्यायचा तर मला रुग्णाच्या डोक्याशी उभं राहावं लागतं. एक हात त्याच्या पाठीच्या पात्याखाली, दुसऱ्या हाताने कोपर धरलेलं. अशा वेळी माझी काख त्याच्या नाकापासून जेमतेम वीतभर असते. आणि हे दिवसभर चालतं, एकामागून एक.

गेल्या महिन्यात एका आजींचा खांदा करत होतो. हात नव्वद अंशांच्या वर गेला की दर वेळी त्या मान पलीकडे वळवायच्या. मला वाटलं, कळ येतेय. म्हटलं, "आजी, थांबू का? दुखतंय का?" तर म्हणाल्या, "दुखण्याचं काही नाही रे बाळा, ते सोसेन मी. तुझ्या अंगाच्या सेंटने मळमळतंय."

तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्या बाईंनी कळ सोसली, पण माझा वास त्यांना सोसवला नाही. आणि याआधी किती जणांनी नुसतीच मान वळवली असेल, मला न सांगता?

दुसऱ्या दिवशी काहीच न लावता गेलो. दुपारपर्यंत शर्टाच्या काखेला घामाचा वास यायला लागला, तो मलाच जाणवत होता. म्हणजे हेही चालणार नाही.

आत्तापर्यंतचा माझा क्रम सांगतो. सकाळी आंघोळ झाली की काखेत आणि छातीवर बॉडी स्प्रे. त्यावर शर्ट घातला की ओ द पार्फ्यूमचे पाच फवारे: मानेला दोन्ही बाजूंनी, छातीवर, दोन्ही मनगटांवर. दुपारी पुन्हा दोन, कारण तोवर मला स्वतःला काहीच वास येत नाही. उडून गेला असं वाटतं.

विचारायचं हे, की घामाचा वासही येऊ नये आणि सेंटचाही त्रास होऊ नये, असं काही असतं का? आणि सकाळी लावलेला वास दुपारी मला येत नाही, पण आजींना येतो, हे कसं? सुगंधाची मला मनापासून आवड आहे, ती कायमची सोडायची माझी तयारी नाही. पण कामाच्या जागी सोडावी लागली तर सोडेन.

प्रतिसाद

दादा, आधी एक गोष्ट निस्तरू. तुम्ही जो बॉडी स्प्रे लावता, तो बहुधा घामावर काहीच करत नाही. त्यात मुख्यतः अल्कोहोल, सुगंध आणि फवारा उडवणारा वायू असतो. घाम येतच राहतो, वर सुगंध बसतो, आणि दोन्ही मिसळून जो तिसरा वास तयार होतो तो सगळ्यात वाईट.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत वेगळ्या प्रकारच्या घामग्रंथी असतात, ॲपोक्राइन म्हणतात त्यांना. वयात येताना त्या कामाला लागतात. त्यांचा स्राव थोडा दाट असतो आणि कातडीवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात. नाकात जातो तो त्या विघटनाचा वास. म्हणून उपाय दोनच: जिवाणू कमी करा, किंवा त्यांना मिळणारा ओलावा कमी करा. डिओडरंट पहिलं काम करतो, अँटिपर्स्पिरंट दुसरं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, झाकणंही सारखीच, म्हणून लोकांची गफलत होते.

अँटिपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळतात आणि ग्रंथीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. बाटलीमागे ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनियम झिर्कोनियम असं काही लिहिलेलं दिसेल. नसेल तर ते अँटिपर्स्पिरंट नाही, पुढे मोठ्या अक्षरांत काहीही छापलेलं असो.

आता खरी मेख. बहुतेक लोक ते सकाळी आंघोळीनंतर ओलसर काखेत फासतात आणि लगेच घाम गाळत बाहेर पडतात. बूच बसायच्या आतच वाहून जातं. ते रात्री लावायचं, झोपण्याआधी, काख अगदी कोरडी करून. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे क्षार नीट बसतात. सकाळच्या आंघोळीने ते निघून जात नाही. फरक पहिल्याच दिवशी दिसणार नाही, तीन-चार रात्री सलग लावा.

अपेक्षाही बेताची ठेवा. अमेरिकेत एखाद्या उत्पादनाला अँटिपर्स्पिरंट म्हणवून घ्यायचं तर घाम किमान २० टक्के कमी व्हायला हवा असा नियम आहे, 'एक्स्ट्रा' म्हणायचं तर ३० टक्के. म्हणजे काख ठणठणीत कोरडी होईल असं कुणी सांगत असेल तर सोडून द्या. पण तुमच्या कामाला एवढा फरक पुरतो.

आणि ताज्या दाढीसारखंच, काखेतले केस काढल्यावर त्याच रात्री लावू नका. जबर चुरचुरतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून मगच.

प्रतिसाद

शर्ट कोणत्या कापडाचा आहे? पॉलिस्टर असेल तर निम्मा दोष त्याचा. त्यात वास मुरतो आणि धुऊनही पुरता जात नाही, अंगाची ऊब लागली की परत वर येतो. सुती घाला, आणि दुपारी बदलायला एक ठेवा.

प्रतिसाद

मी पलीकडच्या बाजूची. मला अर्धशिशी आहे आणि उग्र वासाने ती हमखास उठते. लिफ्टमध्ये कुणीतरी आठ फवारे मारून आलेलं असतं आणि माझा पुढचा दिवस अंधाऱ्या खोलीत जातो. आपण कुणाला सांगत नाही, कारण एखाद्याला "तुमचा वास सहन होत नाही" असं सांगणं फार अवघड असतं. त्या आजींनी तुम्हाला सांगितलं ते तुम्ही त्यांना "दुखतंय का" असं विचारलंत म्हणून. हे लक्षात ठेवा, भाऊ.

एक सूचना: 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स-फ्री' यांत फरक आहे. अनसेंटेडमध्ये कच्च्या मालाचा वास झाकायला थोडा सुगंध घातलेला असू शकतो. तुम्हाला फ्रॅग्रन्स-फ्री हवंय. घटकांच्या यादीत 'पार्फम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा शब्द आहे का, ते बघून घ्या. साबण आणि कपड्यांची पावडर यांचंही तेच. माझ्या भावाने परफ्यूम बंद केला तरी त्याच्या जवळ गेलं की डोकं धरायचं. शेवटी कळलं, कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा वास होता तो.

प्रतिसाद

सुगंधाचं वेड मलाही आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

दुपारी वास उडून गेला असं तुम्हाला वाटतं, तो उडालेला नसतो. नाक एकाच वासात राहिलं की काही वेळाने त्याची नोंद घेणं सोडून देतं. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो, तसंच हे. शिवाय तुम्ही मान आणि छातीवर मारता, म्हणजे थेट नाकाखाली, त्यामुळे नाक आणखी लवकर सरावतं. मग आपण दुपारी पुन्हा दोन मारतो आणि समोरच्याला सात फवाऱ्यांचा वास येतो. दुपारचे ते दोन आजपासून बंद करा. बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा.

दुसरं, बाटलीवरच्या नावाकडे बघा. ओ द कोलोनमध्ये सुगंधी अर्क ढोबळमानाने २ ते ५ टक्के, ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५, ओ द पार्फ्यूममध्ये १५ ते २०. ओ द पार्फ्यूमचे पाच फवारे म्हणजे मोकळ्या मैदानातल्या समारंभाचं माप झालं, बंद खोलीतल्या रुग्णाचं नाही.

तिसरं म्हणजे घटक. पुरुषांच्या सुगंधाचा इतिहास बघितला तर तो हळूहळू जास्त दूरवर पसरणारा होत गेलाय असं माझं मत आहे. १८८२ साली उबिगां या फ्रेंच परफ्यूम कंपनीसाठी पॉल पार्के यांनी 'फुजेर रोयाल' हा परफ्यूम केला. फुजेर म्हणजे नेचा. नेच्याला स्वतःचा असा वास नसतो. लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल) आणि प्रयोगशाळेत बनवलेलं, वाळक्या गवतासारख्या वासाचं कुमरिन यांतून त्यांनी तो कल्पनेने उभा केला. आजही दाढीच्या साबणासारखा जो 'पुरुषी' वास आपण ओळखतो त्याचं मूळ तिथे आहे. पुढे १९६६ मध्ये एदमों रुदनित्स्का यांनी 'ओ सोवाज'मध्ये हेडिओन वापरलं, जाईच्या वासाशी नातं असलेला रेणू. तो हवेसारखा मोकळा आहे, अंगावर येत नाही. १९८८ च्या 'कूल वॉटर'ने डायहायड्रोमर्सेनॉल घराघरात पोचवलं, तो आंघोळ करून आल्यासारखा थंड, धारदार वास. आणि अलीकडच्या बऱ्याच लोकप्रिय परफ्यूममध्ये ॲम्ब्रॉक्सन, म्हणजे अंबरसारख्या वासाचा कृत्रिम रेणू, सढळ हाताने असतं. ते टिकतं खूप आणि खोलीभर पसरतं. त्यातच गंमत अशी, की असे मोठे आणि जड रेणू, विशेषतः काही मस्क (कस्तुरीसारख्या वासाचे), काही लोकांना अजिबात जाणवत नाहीत आणि काहींना असह्य होतात. तुम्ही पहिल्या गटात आणि आजी दुसऱ्या गटात असाल.

कामावर सुगंध लावूच नका, असं माझं मत आहे. घरी सुट्टीच्या दिवशी लावा, शर्टाखाली, पोटाच्या वरच्या भागावर एक फवारा. तिथून तो सावकाश येतो आणि तुम्हाला दिवसभर अधूनमधून भेटतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पलीकडच्या बाजूने लिहिणाऱ्या ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

एक अडचण आली. मधल्या काळात कुणीतरी 'नॅचरल' म्हणून एक डिओ सुचवला, खाण्याचा सोडा असलेला. चौथ्या दिवशी दोन्ही काखांत लाल चट्टे आणि खाज. आता अँटिपर्स्पिरंट लावू की थांबू? आणि ॲल्युमिनियमने कर्करोग होतो असं घरातले म्हणतात, ते खरं आहे का?

प्रतिसाद

पहिला प्रतिसाद माझाच होता. थांबा. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत काखेला साधं पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण, एवढंच. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि सोडा अल्कधर्मी. रोज घासला की कातडीचं संरक्षण जातं. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य असेल असं नसतं. लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनीन किंवा लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल हवेत राहून बदललं की त्यानेही अनेकांना ॲलर्जी होते. म्हणूनच युरोपात असे घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर लेबलवर नावानिशी छापावे लागतात.

आठवड्याभरात चट्टे गेले नाहीत, किंवा पाणी सुटलं, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पॅच टेस्ट करून नेमकं कशाने झालं ते कळतं.

कर्करोगाचं: अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनाचा कर्करोग होतो हे अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. घरच्यांची काळजी समजू शकते, पण त्यासाठी घाबरून जाऊ नका.

आणि शर्टाच्या काखेला पिवळे डाग पडायला लागले तर दचकू नका. घाम आणि ॲल्युमिनियम मिळून ते होतात. रात्री लावून सकाळी आंघोळ केली की बरेच कमी पडतात.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितोय.

चट्टे पाच-सहा दिवसांत गेले. त्यानंतर रोज रात्री बिनवासाचं रोल-ऑन, काख पुसून, पंख्याखाली कोरडी करून. चौथ्या दिवसापासून फरक कळला. दुपारी घाम येतो, पण वास नाही. तरी मी सुती शर्ट बदलतोच. कपड्यांची पावडर बदलली. परफ्यूमची बाटली बाथरूममधल्या फळीवर होती, ती कपाटात ठेवली. वाफेने आणि उन्हाने सुगंध बिघडतो हे वाचलं म्हणून.

आणि आता मी प्रत्येक नव्या रुग्णाला पहिल्याच दिवशी विचारतो, "कुठल्या वासाचा त्रास होतो का?" पहिल्या आठवड्यातच दोघांनी हो म्हटलं. एकाला सॅनिटायझरचा होत होता. हे मी याआधी कधीच विचारलं नव्हतं.

आजी परवा आल्या होत्या. हात एकशे दहापर्यंत गेला, मान सरळ होती. मीच विचारलं, तर म्हणाल्या, "आज कसला वास नाही बघ तुला."

आता सुट्टीच्या दिवसाचं. सविस्तर लिहिणाऱ्या दादांना विचारतो: ॲम्ब्रॉक्सनवाला मोठा आवाज नको, अंगाशी राहणारं काही सुचवाल? मला मातीचा, मुळांचा वास आवडतो.

प्रतिसाद

मग वाळ्याकडे वळा, परफ्यूमवाले त्याला व्हेटिव्हर म्हणतात. मुळांचाच वास तो, कोरडा, थोडा धुरकट. ज्याँ-क्लोद एलेना यांचा २००६ चा 'तेर देर्मेस' संत्र्याच्या सालीपासून सुरू होऊन हळूहळू वाळ्यावर आणि तापलेल्या दगडासारख्या वासावर उतरतो. तो एकदा हुंगून बघा, पण एकच फवारा, कारण तोही लांब पोचतो. अंगाशीच राहणारं हवं तर वाळ्याचं अत्तर बघा. अल्कोहोल नसल्याने ते उसळी मारत नाही. काडीला लागलेला थेंब पुरतो.

घेण्याआधी घाई करू नका. कागदाच्या पट्टीवर पहिल्या पंधरा मिनिटांत जो वास येतो तो लिंबूवर्गाचा, आणि तो लगेच उडतो. विक्रेते तेवढाच हुंगायला देतात. मनगटावर एकदा मारून घरी जा, चोळू नका, आणि चार तासांनी हुंगा. तो वास आवडला तरच घ्या. एका दिवशी तीनपेक्षा जास्त हुंगू नका, नाक थकतं. मधे आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, काही न लावलेल्या कातडीचा.

धागाकर्ता

सकाळी डाव्या मनगटावर 'तेर देर्मेस', उजव्यावर वाळ्याचं अत्तर लावून बसलोय, सुट्टी आहे. आत्ता तीन तास झाले. डावा अजून बराच बोलतोय. उजवा नाक टेकवल्यावरच कळतो. बायकोला न सांगता दोन्ही हात पुढे केले, तिने उजवा धरून ठेवला. अत्तर घेतो.