अनुभव धागा: नाताळातलं देणं, घेणं आणि एकत्र बसणं

सर्वांना जय ख्रिस्त. आगमनकाळाचा (नाताळाआधीचे चार आठवडे) पहिला रविवार जवळ आला की चर्चच्या सूचनाफलकावर कागदांची गर्दी होते. शिधा गोळा करायचाय, खेळणी हवीत, गायनाला कोण कोण येणार, जेवणाला किती पानं, भांडी घासायला माणसं कमी आहेत. या चार आठवड्यांत मंडळी (चर्चचे सभासद) हात सैल सोडून देते. देणाऱ्यांचे अनुभव आपण वार्षिक अहवालात वाचतो. टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्यांचं मात्र क्वचित ऐकायला मिळतं, म्हणून हा धागा. दिलंय त्यांनी लिहा आणि ज्यांनी घेतलंय त्यांनी तर जरूर लिहा. पिशवी घेताना माणसाला मान वर ठेवता आली पाहिजे, एवढीच माझी कसोटी आहे. एक विनंती: कुणाचं, चर्चचं किंवा पाळकांचं नाव लिहू नका.

माजी खजिनदार:
अर्पणाची मोजणी आमच्याकडे नेहमी दोघांनी मिळून व्हायची आणि ते दोघं एका घरातले नसत. नाताळाच्या आधीच्या रविवारी पाकिटांचा ढीग मोठा असे. एकदा एका पाकिटातून थोडी नाणी निघाली आणि वहीच्या पानाचा चार घड्या घातलेला तुकडा. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'काम सुटलंय. राहिलेलं पुढे भरून देईन.' मोजणी तिथेच थांबली. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) टाकणाऱ्या विधवेचा बायबलमधला उतारा (मार्क 12) आपण दरवर्षी ऐकतो आणि उदारपणावरचं प्रवचन घेऊन घरी जातो. त्याच्या अगदी आधीच्या ओळींत येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना बोल लावतो, तिकडे माझं लक्ष त्या दिवशी गेलं. चिठ्ठी पाळकांकडे दिली. ते त्याच संध्याकाळी त्या घरी गेले. नाणी परत करायचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्या माणसाचं दान दान म्हणूनच वहीत चढलं, मदत वेगळ्या निधीतून वेगळी गेली. या दोन गोष्टींची सरमिसळ होता कामा नये. दिलेलं परत केलं की माणूस देणाऱ्यांमधून उठवला जातो.

अजून एक. नाताळ निधी म्हणून आलेला पैसा नाताळच्या मदतीलाच जायला हवा, मग छत गळत असलं तरी. छतासाठी वेगळं मागा, लोक देतात. आणि पुलपिटवरून देणगीदारांची यादी वाचू नका. आम्ही ती प्रथा बंद केली तेव्हा कुरकुर पुष्कळ झाली. पण यादीच्या वेळी मागच्या दाराने निघून जाणारी काही कुटुंबं शेवटच्या गीतापर्यंत थांबायला लागली.

दोन मुलांची आई:
घेणाऱ्यांनी लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. नवऱ्याच्या आजारपणात आमचं नाव मदतीच्या यादीत गेलं. तेव्हा ज्या चर्चमध्ये होतो तिथे नाताळच्या कार्यक्रमात नाव पुकारून व्यासपीठावर बोलवत. पिशवी देताना फोटो निघे. माझा मोठा तेव्हा शाळेतला. त्याच्या वर्गातली मुलं पुढच्याच रांगेत बसलेली. तो पायरीपर्यंत आला आणि तिथेच बुटाची नाडी बांधत बसला. नाडी सुटलेलीच नव्हती. मी एकटी वर गेले. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या शिध्यावर आमचा महिना निघाला, हेही खरं. पण ती नाडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे घर बदललं, तसं चर्चही बदललं. इथे डिसेंबरच्या सुरुवातीला एका खोलीत लोकांनी आणून दिलेली नवी खेळणी, पुस्तकं, स्वेटर मांडून ठेवतात. आईबाप येतात, आपल्या मुलांसाठी निवडतात, तिथेच कागदात गुंडाळतात. मुलाच्या हातात भेट पडते ती आईबाबांकडून. चर्चचा शिक्का कुठेच नाही. धाकटीसाठी रंगपेटी निवडायला मी बराच वेळ घेतला, कोणी घाई केली नाही. एक काकू शेजारी बसून चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होत्या. धाकटीने नंतर विचारलं, 'तुला कसं कळलं मला हीच हवी होती?' हा प्रश्न मला ऐकायला मिळाला, याबद्दल त्या लोकांची मी जन्मभर ऋणी राहीन.

धागाकर्ती:
ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. नाडीचा प्रसंग प्रत्येक कार्यक्रम समितीने वाचावा असा आहे.

मुलाची गरज कागदावर लिहून झाडाला टांगायची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल. ती 1979 मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्गमध्ये मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवासंस्था) एका अधिकारी दांपत्याने सुरू केली. देवदूताचं चित्र असलेल्या कार्डांवर मुलांच्या गरजा लिहिलेल्या असत. कोणी हे करणार असाल तर कार्डावर वय, माप आणि एक क्रमांक एवढंच असू द्या. मंडळी लहान असेल तर नुसत्या पहिल्या नावावरूनही घर ओळखू येतं.

गायनमंडळातला:
आम्ही गीतं गात फिरतो तेव्हा दानाचा डबा बरोबर असतो. लोक विचारतात, गाण्याचे पैसे का? मग मी मुक्तिफौजेच्याच जोसेफ मॅकफींची गोष्ट सांगतो. 1891 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गरिबांना नाताळचं जेवण द्यायचं म्हणून त्यांनी बंदराजवळ लोकांनी पैसे टाकावेत यासाठी एक हंडा टांगला होता. रुग्णालयाच्या वॉर्डात मात्र डबा दाराबाहेर ठेवतो. तिथे फक्त गाणं, तेही हळू आवाजात.

स्वयंपाकघर सांभाळणारी:
25 तारखेच्या उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं. ज्यांच्या घरी त्या दिवशी दुसरं कोणी नसतं त्यांच्यासाठी. सुरुवातीला आम्ही वाढायचो आणि पाहुणे जेवायचे. आम्ही उभे, ते बसलेले. एक आजोबा दरवर्षी यायचे, चार घास खाऊन लगेच उठायचे. एकदा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'मला एक ॲप्रन द्या.' आयुष्यभर मोठ्या खानावळीत भांड्यांवर काम केलेला माणूस. बाह्या दुमडल्या, पातेल्यांचा ढीग आकारांप्रमाणे लावला, सगळ्यात तेलकट होतं ते शेवटी ठेवलं आणि आम्हा तिघींना बाजूला केलं. त्या दिवशी ते शेवटपर्यंत थांबले. जेवलेही पोटभर.

तेव्हापासून वाढणारे आणि जेवणारे असे दोन गट आम्ही ठेवत नाही. येणाऱ्याला दारातच विचारतो, बसायचंय की हात लावायचाय? ज्याला बसायचंय त्याला खुशाल बसू दे, दमूनच आलेलं असतं माणूस. वाढणारे पाळीपाळीने त्याच टेबलांवर जेवतात आणि चर्चचे ओळखीचे लोक एका कोपऱ्यात घोळका करून बसत नाहीत. याबाबतीत मी कडक आहे.

घरी परत सोडायची सोय आधी ठरवा, जेवणाचे पदार्थ नंतर. सुटीच्या दिवशी गाड्या कमी असतात. म्हातारी माणसं 'नको, घरीच बरं' म्हणतात त्यामागे बऱ्याचदा परतीचीच काळजी असते. पथ्याचं आणि न चालणाऱ्या पदार्थांचं आमंत्रण देतानाच विचारून घ्यावं, म्हणजे चारचौघांत सांगायची वेळ येत नाही.

एकटा राहिलेला:
पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात सगळेच बोलावत होते आणि मला कुठेच जाववत नव्हतं. हसऱ्या गर्दीत बसणं सोसत नव्हतं. आमच्या पाळकांनी 21 डिसेंबरच्या संध्याकाळी वेगळी उपासना ठेवली. उत्तर गोलार्धातली सर्वांत मोठी रात्र त्याच सुमारास असते, बऱ्याच चर्चमध्ये दुःखात असलेल्यांसाठी अशी उपासना त्या दिवशी होते. दिवे मंद, दोन शास्त्रपाठ, भरपूर शांतता. 'आनंदी व्हा' असं कोणी म्हणालं नाही. ज्याला हवं त्याने गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. मी घेतलं. माझ्या मागून एका बाईने तिच्या मुलाचं घेतलं. चहाच्या वेळी आम्ही दोघं बोललो, आजही बोलतो. कुणाला पैसा किंवा शिधा लागत नाही, म्हणजे त्याला काहीच लागत नाही असं समजू नका.

संडे स्कूलची शिक्षिका:
मुलांना मी दोन गोष्टी सांगते. एक संत निकोलसची. चौथ्या शतकात मायरा (आजच्या तुर्कस्तानात) इथे बिशप होते, 6 डिसेंबर हा त्यांचा सण. आख्यायिका अशी की तीन मुलींच्या लग्नाला पैसा नसलेल्या एका बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. मुलांना यातलं 'गुपचूप' फार आवडतं. दुसरी आगमनकाळातल्या मेणबत्त्यांच्या चक्राची. 1839 मध्ये हॅम्बुर्गजवळ योहान विखर्न गरीब मुलांसाठी एक घर चालवत. नाताळ कधी येणार, असं मुलं सारखी विचारत, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर रोज एक मेणबत्ती लावायला सुरुवात केली. आज आपण वेदीजवळ लावतो ते चक्र अशा गरीब मुलांच्या घरातून आलंय, हे कळल्यापासून माझी मुलं मेणबत्ती लावायची पाळी आली की जपून लावतात.

आमचा वर्ग भेटींची पाकिटं भरतो, पण एक नियम आहे: जे स्वतःच्या वाढदिवसाला आवडलं नसतं ते आत जाणार नाही. तुकडे हरवलेली कोडी, फाटकी पुस्तकं बाहेर. सेलवर चालणारं खेळणं असेल तर सेल बरोबर हवेत. हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

परगावी राहणारी:
आमच्या मंडळीत जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे चालणारी दोन ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली) कुटुंबं येतात. ते आणि आपलं रोजचं कॅलेंडर यांत सध्या 13 दिवसांचं अंतर असल्याने त्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो. त्याआधी त्यांचा उपवासाचा काळ असतो, आणि आमची सगळी आमंत्रणं नेमकी त्यातच. आता सजावट आम्ही 8 तारखेपर्यंत उतरवत नाही आणि त्यांच्या सणाला त्यांच्याकडे जातो. यजमान ते, पाहुणे आम्ही.

एक पाळक:
मला नाताळानंतरच्या महिन्यांबद्दल लिहायचंय. डिसेंबरमध्ये एकाच घरी तीन संस्थांच्या पिशव्या पोचतात. भाडं थकतं, फी भरायची राहते, औषध संपतं ते फेब्रुवारीत, आणि तेव्हा निधी रिकामा असतो. आम्ही नाताळ निधीचे दोन भाग केले आणि तसं आधीच जाहीर केलं. एक भाग सणासाठी, दुसरा पुढच्या महिन्यांसाठी. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला ठेवायला सांगतो, ते यरुशलेमच्या गरजू मंडळीसाठीच होतं (1 करिंथ 16). मदत एका झटक्यात गोळा करण्यापेक्षा त्याची ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते. शेजारच्या चर्चशी बोलून कोण कुठल्या भागात जाणार हेही ठरवा. घरांची नावं न सांगताही एवढं ठरवता येतं.

नवीन सदस्य:
या वर्षी समितीवर पहिल्यांदाच आहे. प्रश्न खजिनदार काकांना: गरज कुणाला आहे हे कळणार कसं? विचारलं की लोक 'आमचं बरं चाललंय' म्हणतात.

माजी खजिनदार:
बाळा, विचारूच नकोस. उपासनेच्या पत्रकात प्रत्येकाला एक चिठ्ठी दे. अर्पणाची थैली फिरेल तेव्हा प्रत्येकाने आपली चिठ्ठी आत टाकायची, काही न लिहिता कोरी ठेवली असली तरी. म्हणजे कोणी लिहिलंय ते शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठीवर दोनच ओळी छाप: 'मला मदत हवी आहे' आणि 'मला माहीत असलेल्या कुणाला तरी हवी आहे'. थैली पाळक आणि आणखी एकानेच उघडायची, वाचून चिठ्ठ्या नष्ट करायच्या. पहिल्या रविवारी बहुतेक सगळ्या कोऱ्याच निघतील. तरी चारही रविवार फिरव. आमच्याकडे खऱ्या चिठ्ठ्या तिसऱ्या रविवारपासून यायला लागल्या.