सुट्टे पैसे कोण मोजते? – अनुभव धागा

दुकानातून सामान आणून उरलेले पैसे मोजून घ्यायची सवय पोराला सातव्या-आठव्या वर्षी लागते. पोरीला ती कधीकधी थेट बचत गटात बसल्यावर लागते. मधल्या वर्षांत 'मले नाही समजत पैशाचं, यायलेच इचारा' हे वाक्य तोंडी बसून जाते.

शाळा, गट, बँक, तलाठी, शेत, जिथं तुमचं काम आहे तिथलं लिहा. स्वतःची कहाणी नको. हे वाक्य कुठं शिकवलं जाते आणि कसं पुसता येते, नेमकं तेवढंच.

जि. प. शाळेतील शिक्षिका, दारव्हा तालुका

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, पोट्टे लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, बोजारा म्हणून पैसे आणतात आणि रात्री ओट्यावर बसून कोणाला किती ते मोजतात. भुलाबाईच्या दिवसांत पोरी गाणी म्हणतात. त्यांना मिळतो खाऊ, तोही आधी ओळखायचा! हल्ली पोरीही नंदी नेतात, पण बोजाऱ्याचे पैसे 'दे माय इकडं, हरवशील' म्हणून आईच काढून घेते. पोराला कोणी तसं म्हणत नाही.

शाळेतल्या आनंद मेळाव्यात हेच दिसते. पोहे पोरींनी करायचे आणि गल्ल्यावर पोरगा बसायचा. त्यावर उपाय साधा आहे. दर अर्ध्या तासाला गल्ल्यावरचं मूल बदला. बदलताना जुन्याने नव्याला पैसे मोजून द्यायचे, दोघांनी कागदावर आकडा लिहायचा. दहा-दहाची मोड भरपूर ठेवा, नाहीतर बाई मधे पडतात आणि हिशोब त्यांच्याच हातात जातो.

दुसरी चूक म्हणजे घरून आलेलं सामान फुकट धरणं. २० प्लेटा पोहे, १० रुपये प्लेट, गल्ला २०० रुपये. पोरी सांगतात, 'दोनशे कमावले.' मग पोहे, तेल, कांदे, शेंगदाणे मिळून ११५ आणि कागदी प्लेटा, गॅस यांचे २५ लिहायला लावायचे. उरले ६०. इथं थांबू नका. 'दोघी दोन-दोन तास राबल्या, त्याचे किती?' असं विचारा. चार तासांना ६० म्हणजे तासाचे १५ रुपये. 'आमचे कायचे पैसे?' असं हमखास कोणीतरी म्हणते. माझ्या मते धडा तिथून सुरू होतो. पुढच्या वेळी प्लेट १५ रुपयांना विकायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

गटांसोबत काम करणारी समुदाय संसाधन व्यक्ती, आर्वी भाग

बचत गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नोंदी. गट फसतो तो बहुतेक शेवटच्या सूत्रात. वही लिहिते कोण? सचिवाचा नवरा नाहीतर शिकलेला पोरगा. बाया दहा, अक्षर बाप्याचं. वही घरी नेऊन लिहिली की गट गेला समजा. बैठकीतच, सगळ्यांसमोर, रक्कम मोठ्यानं बोलून लिहायची. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला रोकड मोजायचं काम द्या. मोजणारी आणि लिहिणारी एकच नको.

व्याज समजवायला फळ्यापेक्षा तुरीचे दाणे बरे. एक दाणा म्हणजे १०० रुपये. ६,००० चं कर्ज, महिना दोन टक्के, सहा हप्ते. चटईवर ६० दाणे मांडा. दर महिन्याला १० दाणे परत आणि जेवढे दाणे समोर आहेत तेवढ्यांवर दाण्यामागं दोन रुपये व्याज. पहिल्या महिन्यात १२०, मग १००, ८०, ६०, ४०, २०. झाले ४२०. आता तेच कर्ज दुसऱ्या पद्धतीनं मांडा: दाणे परत गेले तरी व्याज दर महिन्याला ६० दाण्यांवरच. १२० सहा वेळा, ७२०. दोन्हीकडं तोंडी दर 'दोन टक्के'च. जिला आकडे वाचता येत नाहीत तीसुद्धा विचारते, 'बाई, दाणे तं आमी परत देल्ले, मंग त्याचं याज कायचं?' हा प्रश्न ज्या बाईनं एकदा विचारला, तिला फायनान्सवाला सहजी गुंडाळू शकत नाही.

फायनान्सवरून आठवलं. मायक्रोफायनान्सचे, म्हणजे बायांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचे, हप्ते आठवड्याचे नाहीतर महिन्याचे, आणि घरात पैसा येतो दसऱ्यानंतर कापूस निघाला की. जूनमध्ये बियाण्यासाठी उचललेलं कर्ज जुलैत कशातून फेडणार? दुसऱ्या कंपनीचं घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पण फॉर्मवर उत्पन्न फुगवून लिहिलं की नियम कागदावरच राहतो. म्हणून सही करण्याआधी 'उत्पन्न किती लिहिलं?' एवढं वाचून घ्यायला लावा.

गटाचं कर्ज बाईच्या नावानं आणि पैसा मोटरपंपाला, हे तर नेहमीचंच. पंप घ्यायला हरकत नाही. पण बैठकीत मागणी करताना बाईनं स्वतः तीन गोष्टी सांगायच्या: कशाला, हप्ता कशातून, आणि ती वस्तू कोणाच्या नावावर. तिसऱ्या प्रश्नाला खोली शांत होते. होऊ द्या.

आणि हो, कोऱ्या पैसे काढायच्या स्लिपवर आधीच सह्या करून ठेवू नका. 'घाई असते' हे कारण सगळेच गट देतात.

बँक मित्र, मंगरूळपीर तालुका

बँकेच्या वतीनं गावात मशीनवर अंगठा घेऊन पैसे देणं हे माझं काम. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांचा अंगठा उठत नाही. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी अंगठा आणि शेजारचं बोट ओरखडून निघते, मशीनला रेषाच दिसत नाहीत. बाई समजते आपलंच काही चुकलं, आणि खाली मान घालून बाहेर निघते. तसं नाही. दहाही बोटं आधारला नोंदलेली असतात. हात साबणानं धुऊन, पुसून करंगळीशेजारचं बोट लावून पाहा. तेही नसेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने नोंदवा, ते कामही वेचणी संपल्यावर. रूपे कार्ड (बँकेचं एटीएम कार्ड) असेल तर अंगठ्याची गरजच नाही, फक्त पिन कार्डाच्या पाकिटावर लिहू नका.

'नाही लागला, परत लावा' असं कोणी म्हणालं की पावती मागा. फसलेल्या व्यवहाराचीही पावती निघते. पावती न घेता तीनदा बोट लावलं म्हणजे तीनदा पैसे निघाले की एकदा, हे तुम्हाला कळणार कसं?

लाडक्या बहिणीचे १,५०० आले नाहीत म्हणून बाया माझ्याकडे पासबुक आणतात. सरकारी पैसा पासबुकावरच्या नंबराने येत नाही. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं, तिथं जातो. कोणी मधेच दुसरं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे पडून असतात. घरात विचारा, मग शिव्या द्या.

एक पथ्य आम्ही बँक मित्रांनी पाळायचं. बाईच्या मागून नवरा 'हजार काढ' म्हणाला तरी बाईकडे पाहून विचारायचं, 'किती काढू, ताई?' आणि ती बोलेपर्यंत बटण दाबायचं नाही.

एकल महिला शेतकऱ्यांचे कागद करून देणारी कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा

सातबारा लहानपणी कोणी पोरीला दाखवत नाही. 'परक्याचं धन' म्हटलं की घरातल्या कागदांशी तिचा संबंध संपला.

बाप वारला की पोरीचं नाव गळते ते बहुतेक वेळा वारस नोंदीच्या अर्जातच. वंशावळीत फक्त पोरं लिहिली जातात. म्हणून मृत्यूच्या दाखल्यासोबत जाणाऱ्या अर्जाची नक्कल मागा आणि विधवा, मुलगे, मुली सगळे मोजा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची, नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही.

हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, नोंदणीकृतच लागते, दुय्यम निबंधकांपुढे. राखीला माहेरी बोलावून साध्या कागदावर सही घेतात, त्यानं हक्क जात नाही. पण पुढं भांडण लागते तेव्हा तोच कागद समोर धरतात. सही करण्याआधी फक्त एवढं म्हणा: 'घरी नेऊन वाचतो.' 'भावाशी संबंध तुटतील' ही भीती खरी आहे, तिला हसू नका. हिंदू वारसा कायदा मात्र सरळ आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला ९ सप्टेंबर २००५ पासून मुलाइतकाच वाटा, आणि त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी होऊन झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही. 'तुह्या लग्नाले खर्च केला' हे वाटा नाकारायचं कायदेशीर कारण नाही.

सासरच्या जमिनीसाठी नवरा जिवंत असतानाच बोला. लक्ष्मीमुक्ती या सरकारी योजनेखाली तो स्वतः अर्ज करून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावू शकतो. तो गेल्यावर दीर, सासरा, सगळे कागद घेऊन उभे राहतात आणि बाई तेरवीच्या स्वयंपाकात असते.

बियाणे-खतांच्या दुकानातून, वरोरा

थोडकंच. वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी काट्यावर कापूस चढतो तेव्हा बाया लांब उभ्या राहतात. जवळ उभं राहा, आकडा स्वतः वाचा आणि गाठोड्याच्या कापडाचं वजन किती कापलं ते विचारा. काट्यावर संशय असेल तर पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली आधी लटकवा. पाणी एक किलो, बाटलीचे थोडे ग्रॅम. काटा ९०० दाखवत असेल तर दर किलोमागं शंभर ग्रॅम फुकट वेचून रायले.

पुन्हा दारव्ह्याच्या शिक्षिका

ही बाटली उद्याच सहावीच्या वर्गात. काटा कोणाच्या घरून मागवू, पोरांच्या की पोरींच्या?