पासाऊ–व्हिएन्ना सायकल टूर : पहिल्याच दिवशी लिंझ गाठता येईल का? (मदत हवी आहे)

कडेकडेने
जरा लवकर सांगा. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला जातोय. पहिला मुक्काम लिंझला धरलाय, साधारण १०० किमी. ग्रुपातले दोघं अडून बसलेत की वाटेतल्या श्लोगेनलाच थांबू, म्हणजे जेमतेम ४२! शंभरी सगळ्यांच्या पायात आहे. हॉटेल फुकट रद्द करायची मुदत परवा संपते. डावा काठ (प्रवाहाच्या दिशेने बघता) की उजवा, तेही सांगा.

सुटा_स्पोक
महिना कुठला? किती जण? सायकली इथून नेताय की तिथे भाड्याने? पासाऊला आदल्या रात्री पोचताय की त्याच दिवशी? यातलं काहीच न सांगता ‘जमेल का’ला काय उत्तर देणार?

कडेकडेने
१४ जण, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी सातला म्युनिकला विमान उतरतं, तिथून ट्रेनने पासाऊ आणि लगेच सायकलवर. वाटेत घाट नाही ना?

चेनगार्ड
‘लगेच’ कसलं? १४ जणांचं इमिग्रेशन आणि सामान, नऊ वाजले. विमानतळावरून लांड्सहूट, तिथे गाडी बदलून पासाऊ, अडीच तास तरी धरा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर बारा. सायकली ताब्यात घेणं, सीटची उंची, पॅनिअर (कॅरिअरच्या पिशव्या) अडकवणं, जेवण यात दोन वाजतात. सूर्यास्त साडेसातच्या आसपास. ग्रुपचा वेग ताशी १५ धरला तर १०० किमीला थांबे सोडून पावणेसात तास. शेवटचा तास-दीड तास अंधारात, तेही रात्रभर न झोपलेल्या माणसांना घेऊन. घाट नाही, पण उतारही नाही. पासाऊ साधारण ३०० मीटरवर, व्हिएन्ना १६० वर. सव्वातीनशे किमीत एवढाच फरक, पायाला कळतसुद्धा नाही.

राजमुद्रा७
जास्त रात्री ऑस्ट्रियात काढणार असाल तर शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियाकडेच मागायचा, जर्मनीकडे नाही. यात बरेच जण गंडतात.

कडेकडेने
व्हिसा झालाय हो. सायकलींचं राहिलं सांगायचं : सहा जण स्वतःच्या नेणार, बाकी भाड्याच्या.

सुटा_स्पोक
हे आता सांगताय! सायकलींची सहा खोकी प्रादेशिक गाडीत चढवायची कुठे? सायकलच्या जागेचं आरक्षण त्यात नसतं, डबा भरला की पुढच्या गाडीची वाट बघायची. शिवाय खोकी टाकणार कुठे? परतीला लागतीलच, आणि परत निघणार व्हिएन्नाहून. नेणारच असाल तर विमानतळावरच जोडा. टॉप कॅपचा (वरच्या टोपीचा) बोल्ट आधी आवळा, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट नंतर. उलट केलंत तर हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) ढिला राहतो आणि ब्रेक मारला की खडखडतो. हँडलच्या फेसप्लेटचे (पुढच्या पट्टीचे) चार बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडेथोडे आवळा, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटर पुरतात, स्टेमवर आकडा छापलेला असतो. डावं पेडल उलट आट्यांचं, घाईत तिथेच आटे खातात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठा घाला. प्रवासात लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि मग रोटर (चाकावरची ब्रेकची तबकडी) आत जात नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. हँगर (डिरेलर अडकतो तो तुकडा) वाकला असेल तर पहिल्याच चढाला साखळी स्पोकमध्ये. हँगर मॉडेलप्रमाणे वेगळा, सोबत एक जादा ठेवा.

चेनगार्ड
एवढा उपद्व्याप करायचाच कशाला? सगळ्यांनी भाड्याच्याच घ्या. पासाऊला घेऊन व्हिएन्नाला सोडता येतात. आपली सीट आणि पेडल तेवढी न्या, १५ चा पान्हा आणि अ‍ॅलन की चेक-इन सामानात.

सुटा_स्पोक
भाड्याच्या म्हणजे सगळं सोपं, असं नाही. तिथल्या कित्येक ट्रेकिंग सायकलींना हब गिअरबरोबर (मागच्या चाकाच्या आतले गिअर) मागे पेडल मारून लागणारा ब्रेक असतो. सिग्नलला पेडल जुळवायला पाय उलटा फिरवायची सवय असेल तर माणूस जागच्या जागी थांबतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. नको असेल तर बुकिंग करतानाच फ्रीव्हील (पेडल उलटं मोकळं फिरणारी) मागा. पुढचा ब्रेक तिकडे सहसा डाव्या हाताला, आपल्याकडे बहुधा उजव्या. निघायच्या आधी प्रत्येकाने चाक उचलून बघायचं.

वळणवाट
काठाचं कुणी बोलेना, म्हणून. पासाऊपासून डावा काठ घ्या. ओबर्नझेलवरून योखेनश्टाइनपर्यंत रस्त्यालगत वेगळा सायकलमार्ग आहे.

चेनगार्ड
आणि पुढे? डाव्या काठाने आऊला पोचलात की आऊ ते ग्राफेनाऊ मार्गच नाही, नावेतच बसावं लागतं. उशिरा निघालेल्या ग्रुपने नावेच्या भरवशावर राहू नये. पहिल्या दिवशी उजवा काठ. एंगेलहार्ट्सत्सेलवरून थेट श्लोगेन, आणि दुसऱ्या दिवशी त्याच काठाने इन्झेल, आशाख. नाव कुठेच लागत नाही.

वळणवाट
योखेनश्टाइनच्या वीजकेंद्राच्या धरणावरून सायकल ढकलत पलीकडे जाता येतं की. डावा काठ तिथपर्यंत, मग उजवा. दोघांचं समाधान.

निवांत_पेडल
रस्त्यावर खरी चूक दुसरीच होते. वाहतूक उजवीकडून. सलग चालवताना सगळे नीट असतात, पाणी प्यायला थांबून पुन्हा निघाले की पहिला माणूस सवयीने डावीकडे जातो आणि बाकीचे त्याच्या मागे. प्रत्येक थांब्यावर एकाने ‘उजवीकडे’ ओरडायचं ठरवून टाका. १४ जण एका रांगेत नको. पाच-पाच-चार, मधे ३०० मीटर. सर्वात मागे पंप, दोन ट्यूब आणि साखळीची मास्टरलिंक (तुटली तर जोडायची कडी) असलेला माणूस. दोन-दोनच्या जोडीने समूह म्हणून रस्त्यावर चालायची मुभा जर्मनीत १५ पेक्षा जास्त जण असतील तरच आहे, तुम्ही दोनने हुकलात. थांबताना मार्ग सोडून गवतात. आणि कुणी विचारलं नाही तरी : पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी नको.

राजमुद्रा७
खायला काय नेताय? तूप आणि पनीर युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. चिक्की, खाकरे, चिवडा चालतो.

सुटा_स्पोक
खाण्यावरून आठवलं. पहिला दिवस वार कोणता?

कडेकडेने
रविवार. का?

सुटा_स्पोक
जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद. पासाऊला स्टेशनवर किंवा बेकरीत जे मिळेल ते तिथेच घ्या, माणशी दीड लिटर पाणी भरून निघा. पुढे गावांत बसून खायचे गास्टहाउस मिळतील, पण केळी-ब्रेड घ्यायला दुकान शोधाल तर फसाल.

कडेकडेने
बरं, श्लोगेन. लिंझ रद्द केलं. सहाही जण भाड्याच्या घेतायत, त्यातल्या एकाचं तोंड अजून सुजलेलंच आहे. पण श्लोगेनला आठच जणांची सोय झाली, सहा जण समोरच्या काठावर आऊला.

चेनगार्ड
मग नाव आलीच की! त्या दिवशीची शेवटची फेरी किती वाजता ते आत्ताच नाववाल्याला विचारा, सप्टेंबरात वेळा आखडतात. चुकली तर निडररानाच्या पुलापर्यंत मागे जाऊन पलीकडच्या काठाने यावं लागेल. आऊवाल्या सहांना सगळ्यांत पुढे ठेवा.