मदत हवी आहे : नदीकाठच्या गोट्याळ रानात काय करावं?

नमस्कार मंडळी. पाटणच्या खाली कोयनेकाठी आमचं 22 गुंठे रान आहे. 2021 च्या जुलैतल्या पुरात पाण्याखाली गेलं होतं. वरची वीतभर माती मऊ, तपकिरी, मळीचीच म्हणा ना. पण खाली कुदळ घातली की खण्णकन आवाज. लिंबाएवढे गोल गुळगुळीत गोटे आणि त्यांच्यात जाड वाळू.

परवा फूटभर खड्डा करून बादलीभर पाणी ओतलं. तंबाखू मळेपर्यंत खड्डा कोरडा! पावसाळ्यात पाणी साचत नाही, वाफसा (मशागतीजोगी ओल) लगेच येतो, मुळ्या कुजत नाहीत, हे सुख. पण उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी ऊस माना टाकतो आणि युरिया पाण्याबरोबर खाली निघून जातो. शेजारचे दादा म्हणतात, काळी माती आणून टाक. पुढच्या पुरात ती सांगलीला पोचेल, त्याचं काय?

हिरवळीचं खत म्हणून ताग गाडून, शेणखत घालून, ठिबकमधून खत थोडं थोडं द्यावं असं मनात आहे. अशा रानात भुईमूग किंवा रताळी कुणी केलीत का? ठिबक रोज किती वेळ चालवता? माती परीक्षणाला नमुना देताना गोटे चाळून काढायचे का?